कारागीर कोण, आणि मदतनीस कोण?

हस्तकला टिकली पाहिजे, असं सगळेच म्हणतात. मग चर्चा होते ती लाकडाच्या भावाची, प्लॅस्टिकच्या स्पर्धेची, बाजारपेठेची. घरातल्या बाईच्या श्रमांची होत नाही. माझं म्हणणं एवढंच की, कारागीर म्हणून तिचं नाव लागत नाही तोवर कलेचा हा सगळा कळवळा अपुरा आहे.

सावंतवाडीची लाकडी खेळणी घ्या. चितारी कुटुंबांचा हा पिढीजात धंदा. पांगाऱ्यासारखं हलकं लाकूड लेथवर फिरवून आकार देतात. फिरत्या लाकडावर लाखेची रंगीत कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून चढते. केवड्याच्या पानाने तिला चकाकी आणतात. लेथवर सहसा पुरुष बसतो. घासणं, रंगवणं, नक्षी काढणं यात बायका-मुलींचे तासन्‌तास जातात. ही कला मोडकळीला आली तेव्हा, १९७०च्या दशकात, तिथल्या राजघराण्याने राजवाड्यात तिला आसरा दिला. सत्वशीलादेवी भोसले स्वतः गंजिफा रंगवायला शिकल्या. त्याची दखल घेतली गेली, आणि ते योग्यच झालं. पण घराघरांतल्या कुंचल्यांचं काय?

आमच्या माळशिरसकडे घोंगडीची गोष्ट तीच. लोकर निवडणं, पिंजणं, चरख्यावर सूत काढणं ही कामं बाईची. ताण्याला लागणारी चिंचोक्याची खळ बहुतेक घरी तीच शिजवते. मागावर नवरा बसतो, म्हणून विणकर तो. तिला विचारलं तर तीही म्हणते, "मी काय, हाताखाली असते." सुताशिवाय माग चालेल का, हे तिला कुणी विचारत नाही. देशाच्या २०१९-२०च्या हातमाग गणनेत विणकर आणि पूरक कामगार मिळून ७० टक्क्यांहून अधिक स्त्रिया निघाल्या. मोजलं की दिसतं, ते असं.

आता शासनाकडे बघू. सप्टेंबर २०२३मध्ये पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तिच्या १८ व्यवसायांत पारंपरिक खेळणी करणारे आहेत. लोकर कातणारी नाही. प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार रुपये, तारणाशिवाय दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, असे लाभ आहेत. पण अट अशी की, एका कुटुंबातून एकाचीच नोंदणी. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. त्या एका जागेवर कुणाचं नाव लागणार, हे मैत्रिणींनो, मी सांगायला हवं का?

लाभ शेवटी घरातच येतो ना, असं काही कार्यकर्तेही म्हणतात. पैसा घरात येतो, हे खरं. पण ओळखपत्र, प्रशिक्षण आणि बँकेतली पत एकाच्याच नावावर जमते. उद्या नवऱ्याने टाकलं तर वीस वर्षं खेळणी रंगवलेल्या बाईकडे आपण कारागीर असल्याचा कोणता कागद असतो? घटस्फोट झालेला नाही, म्हणजे कागदोपत्री ती त्याच्याच कुटुंबात. त्या कुटुंबातून नोंदणी तर होऊन गेलेली. परित्यक्तांच्या प्रश्नावर आपण इतकी वर्षं बोलतो आहोत. तो प्रश्न इथेही येऊन उभा राहतो.

शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीतून जमीन बायकोच्या नावावर करायला सांगितलं होतं. तेव्हाही 'घर एकच, नाव कशाला?' असं विचारणारे होते. ज्यांचं नाव आधीच लागलेलं असतं, त्यांनाच हा प्रश्न सुचतो.

म्हणून एका घरातून एक ही अट काढा, सूत काढणाऱ्या आणि रंगकाम करणाऱ्या हातांची स्वतंत्र नोंद करा, अशी मागणी आपण लावून धरली पाहिजे. पण शासनाची वाट पाहत बसायचं कारण नाही. आपल्या गटांनी गावातल्या कारागीर घरांत जावं. कोणतं काम कोण करतं, किती तास करतं, मजुरी कुणाच्या हातात पडते, हे वहीत लिहावं आणि ती यादी ग्रामसभेत वाचून दाखवावी. 'हाताखालची' म्हणवणारी बाई त्या यादीत आपलं नाव ऐकेल, तिथून पुढचं ती स्वतः मागेल.