‘हायब्रीड’ हाच खरा शब्द

‘विज्ञान : शाप की वरदान’ हा निबंध मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाने एकदा तरी लिहिलेला असतो. निबंध लिहून संपतो. सवय मात्र संपत नाही. मधुमेहासाठी आलेल्या स्वयंचलित इन्शुलिन यंत्रणेविषयी मराठीत जे लिहिले-बोलले जाते ते वाचताना आम्हांस हे वारंवार जाणवते. वृत्तपत्रांच्या आरोग्य पुरवण्यांना हे यंत्र ‘वरदान’ वाटते आणि त्या त्याला ‘कृत्रिम स्वादुपिंड’ म्हणून मोकळ्या होतात. उलट आमच्या साहित्यिक मित्रांना यंत्र हा शब्द ऐकताच मर्ढेकर आठवतात, आणि शरीर यंत्राच्या स्वाधीन झाल्याची खंत सुरू होते. आमचा विरोध दोन्ही पक्षांना आहे. त्यातही दुसऱ्या पक्षाला अधिक, कारण तो आमच्या घरचा आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. टाइप-1 मधुमेहात स्वादुपिंडातील इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराचीच प्रतिकारशक्ती नष्ट करते. हा आजार अनेकदा लहान वयात गाठतो. त्याला आळस, गोडधोड किंवा पूर्वजन्म कारणीभूत नसतो. मूल जगायचे तर बाहेरून इन्शुलिन द्यावेच लागते, रोज, आयुष्यभर. नव्या यंत्रणेत तीन घटक असतात. त्वचेखाली रुतवलेला सेन्सर साधारणपणे दर पाच मिनिटांनी साखर मोजतो, म्हणजे दिवसाला 288 वेळा. कमरेला लावलेला पंप बारीक नळीतून इन्शुलिन सोडतो. आणि या दोहोंच्या मध्ये बसलेला अल्गोरिदम किती सोडायचे ते ठरवतो. अमेरिकेत अशा पहिल्या यंत्रणेला 2016 साली मान्यता मिळाली.

मात्र जेवणाआधी यंत्राला सांगावे लागते की आता मी इतकी कर्बोदके खाणार आहे. त्वचेखालची साखर रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे चालते, टोचलेल्या इन्शुलिनचा परिणाम दिसायला वेळ लागतो, आणि एकदा आत गेलेले इन्शुलिन परत काढून घेता येत नाही. म्हणून जेवणाच्या वेळी माणसाचा हिशेब लागतोच. त्या क्षेत्रातील लोक या यंत्रणेला ‘हायब्रिड क्लोज्ड लूप’ म्हणतात. ‘हायब्रिड’, कारण अर्धे काम यंत्राचे आणि अर्धे माणसाचे. मराठीत येताना नेमका हा प्रामाणिक शब्द गळाला आणि ‘स्वयंचलित’ तेवढे उरले.

वास्तविक ‘हायब्रीड’ हा शब्द आमच्या लोहा-कंधारच्या शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. संकरित ज्वारीने तो अर्ध्या शतकापूर्वीच घरोघरी पोचवला आहे. त्या शब्दासोबत एक अनुभवही आला होता : उतारा वाढला, कणग्या भरल्या, पण घरचे बी राखून ठेवण्याची सोय गेली. दर हंगामाला बियाण्याची पिशवी विकतच आणावी लागते. इन्शुलिनच्या या यंत्राचे अगदी तसेच आहे. पंप एकदा घेतला की काम संपत नाही. सेन्सर आठवड्या-दोन आठवड्यांनी बदलायचा, नळी आणि सुई दोन-तीन दिवसांनी. यंत्राची किंमत काही लाखांत जाते. त्यापुढचा महिन्याचा खर्च कधीच थांबत नाही. ‘स्वयंचलित’ हे विशेषण दोन गोष्टी झाकते : घरातल्या माणसाचे श्रम आणि दुकानातले बिल. आमचे भांडण या झाकण्याशी आहे, यंत्राशी नाही.

आता घरच्या पक्षाकडे वळू. यंत्रामुळे माणूस परावलंबी होतो, शरीराशी असलेले त्याचे आदिम नाते तुटते, असे म्हणणाऱ्यांनी एक साधा काळ लक्षात घ्यावा. टोरांटोत जानेवारी 1922 मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. तोवर हा आजार झालेले मूल उपासमारीच्या पथ्यावर झिजत मरत असे. हे ‘आदिम नाते’ तेव्हा शाबूत होते! गेली शंभर वर्षे ही मुले कारखान्यात तयार झालेल्या औषधावर आणि सुईवर जगत आली आहेत. त्यांचे शरीर यंत्रयुगाच्या बाहेर कधी नव्हतेच. ही खंत रात्री सलग झोपणाऱ्या माणसाची आहे. ज्या आईला रात्री दोन वाजता उठून मुलाच्या बोटाला सुई टोचावी लागते, साखर साठच्या खाली गेली असेल तर झोपेतल्या मुलाला साखरपाणी पाजावे लागते, तिला यंत्राच्या स्वाधीन होण्याची भीती वाटत नाही. या यंत्राची सर्वांत खात्रीची कमाई रात्रीचीच आहे : साखर उतरू लागली की ते आपणहून इन्शुलिन कमी करते किंवा थांबवते. झोप हे मूल्य आमच्या समीक्षेच्या परिभाषेत बसत नाही, म्हणून ते मूल्यच नाही असे ठरत नाही.

तरीही शंका आहेत, आणि त्या सौंदर्यशास्त्रीय नाहीत. पंपात फक्त जलद काम करणारे इन्शुलिन असते. दिवसभर पुरणाऱ्या संथ इन्शुलिनचा साठा अशा मुलाच्या शरीरात नसतो. नळी तुंबली, सुई निसटली, औषध संपले आणि ते वेळेत लक्षात आले नाही, तर काही तासांतच रक्तात आम्ल साचू लागते आणि जीव धोक्यात येतो. म्हणजे यंत्र जितके सूक्ष्म, तितका पुरवठ्याचा धागा अखंड हवा. हा धागा आमच्या जिल्ह्यात किती पक्का आहे? नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात 2023च्या ऑक्टोबरच्या आरंभी चोवीस तासांत 24 रुग्ण दगावल्याची बातमी देशभर गेली. त्यांत 12 नवजात बालके होती. औषधटंचाईचे आरोप झाले, प्रशासनाने ते नाकारले. खरे-खोटे काहीही असो, त्या बातमीनंतर ‘औषध संपणार नाही’ असे छातीठोकपणे कोण सांगेल? त्यात आमचा उन्हाळा. फ्रिज नसलेल्या घरांत इन्शुलिनची बाटली ओल्या वाळूतल्या मडक्यात ठेवण्याची युक्ती चालते, आणि ती चांगली युक्ती आहे. पण कमरेला लावलेल्या पंपातले औषध मडक्यात ठेवता येत नाही.

आणि जेवणाचे काय? येळवशीला नांदेड-लातूरकडची माणसे शेतात जातात. भज्जी, आंबील, उंडे, गव्हाची खीर असा बेत असतो, आग्रह असतो, आणि कोणी वाटीने मोजून जेवत नाही. दहा वर्षांच्या मुलीने त्या पंगतीत बसून आंबिलीतल्या कर्बोदकांचे ग्रॅम यंत्राला सांगायचे आहेत. ते शिकवणार कोण? कोणत्या भाषेत? येथे मराठीच्या प्राध्यापकांना करण्याजोगे काम आहे. पण मराठी माध्यमातल्या आईला समजेल अशी या यंत्राची पुस्तिका लिहिणे हे आम्हांला ‘वाङ्मयीन’ वाटत नाही.

या शंका ऐकल्या की एक शहाणपण हमखास पुढे येते : आधी साधे इन्शुलिन आणि तपासणीच्या पट्ट्या सर्वांना मिळू द्या, यंत्राचे नंतर पाहू. वाक्य सोज्ज्वळ आहे, म्हणूनच धोक्याचे. मराठवाड्याने हे ‘आधी-नंतर’ रेल्वेपासून पाण्यापर्यंत ऐकले आहे. त्यातले ‘नंतर’ उजाडायला पिढ्या लागतात. केरळ सरकारची ‘मिठायी’ योजना टाइप-1 झालेल्या मुलांना इन्शुलिनसोबत सतत साखर मोजणारी साधने आणि पंपही देते. तेथे कोणी गरिबाला रांगेत दोनदा उभे केले नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेसाठी डिसेंबर 2023 मध्ये या यंत्रणेची शिफारस झाली, तीही टप्प्याटप्प्याने पाच वर्षांत पोचवायची असे ठरवून. टप्पे असावेत, पण त्यांवर तारखा असाव्यात. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरात डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था या मुलांसाठी काम करते. तिच्याविषयी आम्हांस आदर आहे. पण शासनाचे काम संस्थेच्या पदरात टाकून आदर व्यक्त करणे ही सोयीची कृतज्ञता होय.

आणखी एक गोष्ट पुरवण्यांत सापडत नाही. 2013 नंतर परदेशातील काही रुग्णांनी आणि पालकांनी, कंपन्यांची वाट न पाहता, आपल्याच पंपांसाठी आज्ञावली लिहिली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. डॅना लुईस हे त्यांतले ठळक नाव. पंडितांच्या ताब्यातली विद्या ज्याला तिची गरज त्याच्या हाती यावी, ही कल्पना मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला तरी परकी वाटू नये. (तुलना ताणण्याचा मोह आम्ही आवरतो, संतांना परवाना लागत नव्हता आणि अल्गोरिदम चुकला तर जीव जातो.) 1923 मध्ये इन्शुलिनचे स्वामित्वहक्क शोधकांनी प्रत्येकी एका डॉलरला टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले. त्या औषधाभोवतीच्या यंत्राचा हिशेब मात्र बंद पेटीत असावा, हे कसे?

शेवटी आमच्याच आवारात येऊ. लातूर पॅटर्नच्या वसतिगृहांत आमच्या तालुक्यातली मुले राहतात. सेन्सरची साखर गावी बसलेल्या आईला मोबाइलवर दिसू शकते. हा तिला दिलासा आहे. सोळा वर्षांच्या मुलाला तो पहाराही वाटू शकतो, आणि यावर कथा लिहिली जावी इतका तो विषय मोठा आहे. पण त्याआधी परीक्षा येते. सीबीएसईने 2017 मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाऊ नेण्याची मुभा दिली. आमच्याकडे कॉपीमुक्तीच्या नांदेड पॅटर्नचा सार्थ अभिमान आहे. त्या शिस्तीत दंडावरचा सेन्सर आणि त्याला जोडलेला मोबाइल भरारी पथकाच्या नजरेला काय दिसेल हे सांगायला नको. पर्यवेक्षक आपणच असतो. येत्या परीक्षेपूर्वी प्रत्येक महाविद्यालयाच्या परीक्षा विभागाने अशा विद्यार्थ्यांची नोंद घ्यावी, तो मोबाइल पर्यवेक्षकाच्या टेबलावर चालू राहील असे लेखी ठरवावे, आणि त्याने इशारा दिला तर मुलाला साखर खाऊ द्यावी व गेलेला वेळ भरून द्यावा. याला कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.