विश्लेषण : वजन घटवणारे इंजेक्शन हवे, पण सुरू असलेल्या गोळ्यांचे काय?

मार्च २०२५मध्ये एलाय लिलीचे ‘मौंजारो’ भारतात आले, जूनमध्ये नोव्हो नॉर्डिस्कचे ‘वेगोव्ही’ आणि डिसेंबरमध्ये ‘ओझेम्पिक’. सुरुवातीला महिन्याला १७ हजार रुपयांच्या पुढे असलेल्या ‘वेगोव्ही’ची किंमत नोव्हेंबरमध्येच ३७ टक्क्यांपर्यंत खाली आली. मार्च २०२६मध्ये सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत संपून देशी कंपन्यांची वाट मोकळी झाली. त्यामुळे ‘परवडेल का’ या प्रश्नाची जागा आता ‘मला चालेल का’ या प्रश्नाने घेतली आहे. तो विचारणाऱ्यांच्या घरात गोळ्यांचा डबा आधीपासूनच असतो. आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंडियाब’ पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि उच्च रक्तदाबाचे प्रमाण ३५.५ टक्के आहे.

ही इंजेक्शने नेमके काय करतात?

जेवल्यानंतर आतड्यातून जीएलपी-१ नावाचे संप्रेरक स्रवते. सेमाग्लुटाइड त्याची नक्कल करते, तर ‘मौंजारो’मधील टिर्झेपेटाइड त्यासोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचीही. भूक मंदावते, पोट लवकर भरल्यासारखे वाटते, जठरातील अन्न सावकाश पुढे सरकते आणि साखर वाढली की इन्सुलिन जास्त स्रवते. चाचण्यांत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के, तर टिर्झेपेटाइडच्या सर्वांत मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के वजन घटले. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून अधिक जणांवरील ‘सिलेक्ट’ चाचणीत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी दिसले. म्हणजे जुना आजार असणे हे नकाराचे कारण नाही, अनेकांच्या बाबतीत तेच औषध देण्याचे कारण असते. गोची आहे ती आधीच्या औषधांच्या डोसची.

मधुमेहाची औषधे सुरू असतील तर?

इथे गोळीचे नाव महत्त्वाचे. मेटफॉर्मिनसोबत सहसा अडचण येत नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड या गोळ्या साखर किती आहे हे न पाहता इन्सुलिन बाहेर काढतात. जेवण निम्म्यावर आले आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची लक्षणे. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. म्हणून या औषधांचा डोस डॉक्टर बहुधा सुरुवातीलाच कमी करतात. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन या गोळ्या त्याच जीएलपी-१च्या मार्गावर काम करतात, त्यामुळे इंजेक्शनसोबत त्या सुरू ठेवण्यात फारसा अर्थ उरत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी खाणे फारच कमी झाल्यास किंवा उलट्या होत असल्यास लगेच कळवायला हवे. रक्तात आम्ल साठण्याचा, म्हणजे किटोॲसिडोसिसचा धोका अशा वेळी वाढतो.

बीपीच्या गोळीचा काय संबंध?

सर्वांत कमी बोलले जाते ते याच बाबतीत. टेल्मिसार्टन आणि त्याच गोळीत लघवी वाढवणारे हायड्रोक्लोरोथायझाइड, हे मिश्रण आपल्याकडे घरोघरी आहे. इंजेक्शन सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यांत मळमळ, उलट्या, जुलाब होतात, पाणीही कमी प्यायले जाते. शरीर आतून कोरडे पडते, गोळी पाणी बाहेर काढतच राहते आणि त्यात गुडघेदुखीसाठी मनानेच घेतलेली वेदनाशामक गोळी आली, की मूत्रपिंडावर तिन्ही बाजूंनी ताण येतो. गंमत म्हणजे दीर्घकाळात सेमाग्लुटाइडने मधुमेहींच्या मूत्रपिंडाचे रक्षण होते, असे २०२४च्या ‘फ्लो’ चाचणीत दिसले आहे. धोका असतो तो या कोरड्या आठवड्यांत. पुढे वजन उतरते तसा रक्तदाबही उतरतो. जुनाच डोस सुरू राहिला तर उठताना चक्कर येते आणि घरचे म्हणतात, ‘अशक्तपणा असेल, काहीतरी खा.’ आधी रक्तदाब मोजायला हवा.

इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला यात जुनी ओळखीची गोष्ट दिसते : यंत्रणेतला एक भाग बदलला, की बाकीच्या सगळ्या सेटिंग पुन्हा तपासाव्या लागतात. फरक एवढाच, की इथे ‘बंद’चे बटण लगेच चालत नाही. सेमाग्लुटाइड निम्मे व्हायला साधारण आठवडा लागतो, त्यामुळे शेवटच्या इंजेक्शननंतरही ते सुमारे पाच आठवडे शरीरात रेंगाळते.

थायरॉइड असेल तर घ्यायचेच नाही का?

हा मोठाच गैरसमज आहे. बंदी आहे ती स्वतःला किंवा कुटुंबात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कर्करोग झाला असेल, किंवा ‘मेन-२’ हा आनुवंशिक विकार असेल त्यांना. रोज सकाळी थायरॉक्सिनची गोळी घेणाऱ्या हायपोथायरॉइडच्या रुग्णांना ती लागू नाही. मात्र वजन बरेच घटले की थायरॉक्सिनची गरजही बदलू शकते, म्हणून टीएसएच पुन्हा तपासावे. सेमाग्लुटाइड गोळीच्या रूपात घेणाऱ्यांना तर ते जास्तच लागू, कारण त्यासोबत थायरॉक्सिनचे रक्तातील प्रमाण वाढते.

आणखी कुणी सावध राहावे?

टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. सुरुवातीनंतर चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा चार आठवडे दुसरे साधन वापरण्याची सूचना खुद्द औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. पीसीओएस असलेल्या महिलांचे वजन घटल्यावर बीजनिर्मिती सुधारते, हे लक्षात घेतले तर या सूचनेचे महत्त्व कळते. मूल हवे असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावे लागते.

मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालेल्यांनी आधी नेत्रतपासणी करावी, कारण साखर झपाट्याने उतरली की तो त्रास काही काळ बळावू शकतो. स्वादुपिंडाला पूर्वी सूज आली असेल किंवा पित्ताशयात खडे असतील तर ते सांगावे. वॉरफेरिन घेणाऱ्यांची आयएनआर तपासणी सुरुवातीला जास्त वेळा लागते. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञाला इंजेक्शनबद्दल न विसरता सांगावे, उपाशी राहूनही जठरात अन्न उरलेले असू शकते.

डॉक्टरांकडे जाताना काय न्यावे?

‘एक पांढरी गोळी बीपीची, एक गुलाबी साखरेची’ या वर्णनावर डोस ठरत नाही. सगळ्या पाकिटांचे मोबाइलवर फोटो काढून न्या, त्यात आयुर्वेदिक चूर्णे आणि औषधाच्या दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्याही आल्या. एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि टीएसएचचे अलीकडचे अहवाल सोबत असावेत. पहिले काही आठवडे घरी रक्तदाब आणि साखरेची नोंद ठेवावी. जिममधल्या ओळखीतून किंवा चिठ्ठीशिवाय मिळणारे इंजेक्शन स्वस्त पडते, पण ग्लिमेपिराइड निम्मी करा असे सांगणारे तिथे कुणी नसते.

इंजेक्शन बंद केले तर?

सेमाग्लुटाइड थांबवल्यानंतर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश वजन परत आल्याचे चाचणीत दिसले आहे. रक्तदाब आणि साखरही त्यामागोमाग वर सरकतात. त्यामुळे इंजेक्शन सुरू असताना कमी केलेल्या गोळ्यांचे डोस थांबवल्यानंतर पुन्हा तपासावे लागतात. खर्च झेपेना म्हणून इंजेक्शन मध्येच सोडले आणि हे डॉक्टरांना सांगितलेच नाही, तर रुग्ण त्या कमी केलेल्या गोळ्यांवरच राहतो.