गोधडी शिवायला समुद्रावर?

नागपूरच्या एका वाचक भगिनीने चार पानी पत्र पाठवले आहे. वय ६१, बँकेतून निवृत्त, घरी यजमान, मुलगा, सून आणि नातू. धाकटी बहीण तीस वर्षांपासून अमेरिकेत सिॲटलला असते. तिथे तिला क्विल्टचा नाद लागला. क्विल्ट म्हणजे आपल्या गोधडीचीच परदेशी बहीण. फक्त नव्या कापडाची, मापात कापलेली आणि बहुतेक वेळा मशिनवर जोडलेली. या बहिणीच्या शिवणमंडळातल्या बायका पुढच्या उन्हाळ्यात सात रात्रींसाठी बोटीने अलास्काला निघाल्या आहेत. बोटीवर चक्क क्विल्टचे वर्ग आहेत. बहीण म्हणते, ‘ताई, तू ये. एका केबिनमध्ये राहू. तुझे पैसे मी भरते.’

घरात यावर जे व्हायचे ते झाले. यजमान म्हणाले, ‘गोधडीच शिवायची तर गच्चीवर शिव, वारा तिथेही येतो.’ मुलाने कागदावर हिशेब मांडून दाखवला, की नुसत्या विमानाच्या तिकिटात आईबाबा दोघांचे काश्मीर होईल. एकटी सून म्हणाली, ‘आई, तुम्ही जाच.’ पत्राच्या शेवटी बाईंनी दोन प्रश्न विचारले आहेत. मी जाऊ का? आणि जायचे तर पैसे बहिणीला भरू द्यावेत का?

यजमानांचा विनोद झकास आहे, पण त्यात एक गफलत आहे. गच्चीवर वारा येतो हे खरे. त्याच गच्चीवर दर दहा मिनिटांनी खालून हाकही येते. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, गॅसवाला आलाय, नातवाला भूक लागली. त्याकडे पुढे येऊच. आधी हे प्रकरण काय असते ते पाहू.

गोधडीवाल्यांची म्हणून वेगळी बोट नसते. दोन-तीन हजार प्रवाशांची नेहमीची क्रूझ असते आणि त्यात वीस, तीस, फार तर काही डझन बायकांचा एक गट. एखादी प्रवासी एजंट किंवा कापडाची दुकानदारीण एखाद्या नावाजलेल्या शिक्षिकेला बरोबर घेते, काही केबिन्स आधीच राखून ठेवते आणि बोटीवरची सभेची खोली वर्गासाठी मागून घेते. मशिने बहुधा तीच पुरवते. केबिनमध्ये इस्त्री वापरायला आगीच्या भीतीने बहुतेक कंपन्यांची मनाई असते, म्हणून इस्त्रीची सोय परवानगी काढून वर्गातच केलेली असते. वर्गाची फी भाड्याखेरीज निराळी, कापडाचा संच कधी फीमध्ये धरलेला तर कधी नाही. आणि एक अट जवळजवळ सगळीकडे असते: तिकीट त्या एजंटकडूनच काढायला हवे. स्वस्त मिळाले म्हणून दुसरीकडून काढले, तर बोटीत प्रवेश मिळतो, वर्गात नाही.

अमेरिकन बायका यावर एवढा पैसा का उधळतात, असे आपल्याला वाटते. पण तिकडे ही गोष्ट रिकामपणचा उद्योग राहिलेली नाही. केंटकी राज्यातल्या पडूका या गावात १९९१ मध्ये खास क्विल्टचे संग्रहालय उघडले. अलाबामातल्या जीज बेंड या गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय बायकांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेली पांघरुणे २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या मोठ्या कलासंग्रहालयांत भिंतीवर लागली, आणि २००६ मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. जुनी विजार आणि विटका सदरा जोडून केलेले पांघरूण! आपल्याकडे नऊवारीच्या मऊ झालेल्या पदरांची वाकळ ज्या हातांनी घातली, त्या हातांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बोटीवर गोधडी शिवणेही काही नवे नाही. १८४१ मध्ये इंग्लंडहून ‘राजा’ नावाचे एक जहाज शिक्षा झालेल्या १८० स्त्रियांना घेऊन ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियाकडे निघाले. त्या बेटाला तेव्हा व्हॅन डिमेनची भूमी म्हणत. कैदी स्त्रियांसाठी आयुष्यभर झटलेल्या एलिझाबेथ फ्राय यांच्या मंडळाने प्रत्येकीला सुया, दोरा, अंगुस्तान आणि कापडाचे तुकडे दिले होते. तीन-साडेतीन महिन्यांच्या त्या प्रवासात या बायकांनी २,८०० हून अधिक तुकडे जोडून एक भलीथोरली चादर केली. आज ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्या बायकांना कोणी विचारले नव्हते, जाता का म्हणून. आपल्या पत्रलेखिकेला निदान कुणीतरी विचारते आहे, आणि उत्तर द्यायला तिच्या हातात वेळ आहे.

आता मुद्द्याचे. या सहलीत एक पेच असतो आणि जाहिरातीच्या रंगीत कागदावर तो दिसत नाही. वर्ग भरतात ते बोट बंदराला न थांबता दिवसभर चालते त्या दिवशी. सात रात्रींच्या अलास्का फेरीत असे दिवस दोन किंवा तीनच. बाकीचे दिवस केचिकन, जुनो, स्कॅगवे अशा गावांत उतरण्याचे. म्हणजे ज्या वेळी खिडकीबाहेर डोंगर, धुके आणि नशीब असेल तर देवमासा, नेमके त्याच वेळी तुम्ही मान खाली घालून पाव इंचाची शिवण सरळ येते का ते बघत असता. काही बोटी ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात जातात. तिथे दिवसाला फक्त दोन मोठ्या बोटी सोडतात, उद्यानाचे रक्षक बोटीवर चढून माहिती सांगतात आणि हिमनदीचा कडा कोसळताना मेघगर्जनेसारखा आवाज होतो. तो आवाज सभेच्या खोलीत बसून ऐकायचा असेल तर नागपूर काय वाईट?

म्हणून पहिल्यांदा स्वतःला विचारायचे, मी कशासाठी चालले आहे? अलास्का बघायचे असेल तर वर्गाची फी भरू नका. नुसते बहिणीबरोबर जा, ती शिवेल तेव्हा तुम्ही डेकवर शाल गुंडाळून बसा. सोबत आलेल्या न शिवणाऱ्यांना कोणी हाकलत नाही. आणि शिवण शिकायची म्हणून जात असाल, तर स्पष्ट सांगते, बोट ही शिकण्याची जागा नव्हे. दोन-तीन दिवसांच्या वर्गात जेवढे हाती लागते, तेवढे बहिणीच्या जेवणाच्या टेबलावर आठवड्यात येईल, तेही फुकट आणि तिच्या हातच्या वरणभातासह.

मग या बोटीत विकतात तरी काय? माझ्या मते वेळ विकतात. सलग, न तुटणारा, चार-चार तासांचा वेळ. स्वयंपाक दुसरा करतो, भांडी दुसरा घासतो, अंथरूण दुसरा घालतो, आणि दारावरची बेल वाजली तरी ती तुमच्यासाठी नसते. पुरुषांना ही चैन वाटणार नाही, कारण त्यांच्यातल्या बहुतेकांना ती ऑफिसात आणि घरात आयुष्यभर मिळालेली असते. पत्रलेखिकेने छत्तीस वर्षे नोकरी केली, दोन मुलांची लग्ने केली आणि गोधड्या शिवल्या त्या रात्री अकरानंतर किंवा सुटीच्या दुपारी, उठत-बसत. पत्रात त्यांनी सहज लिहून टाकले आहे, ‘एक गोधडी पुरी व्हायला मला दोन वर्षे लागतात.’ मला वाटते, त्यांना जे हवे आहे ते या एका ओळीत आहे.

त्यामुळे माझे उत्तर: जा, आणि वर्गही घ्या. फक्त पैसे भरण्याआधी वेळापत्रक मागवा. जाणते आयोजक हिमनदीचे तास मोकळे ठेवतात. ठेवले नसतील तर त्या वेळी खुशाल मशिन बंद करून वर जा; शिक्षिका रागावणार नाही, तीही बहुधा येईल. वर्ग कोणत्या पायरीचा आहे हेही विचारा. आपण गोधडी कडेपासून आत, धावदोऱ्याने, नजरेच्या मापाने घालतो. तिकडे फिरत्या पात्याच्या कटरने पट्ट्या कापतात आणि शिवण पाव इंचाला केसभर कमी-जास्त झाली की ठोकळा जुळत नाही. हे हाताला नवे आहे. प्रवासाआधी पंधरा दिवस बहिणीकडे राहून कटर आणि पाव इंच हाताखालून घाला. इथले मशिन उचलून न्यायचा विचारही करू नका. तिकडची वीज ११० व्होल्टची. कात्री आणि कटर विमानात चेक-इनच्या बॅगेत टाका, खांद्यावरच्या पिशवीत नको.

दुसरा प्रश्न पैशांचा, आणि खरा नाजूक तोच. धाकट्या बहिणीचे पैसे घ्यायचे, शिवाय त्यात तिच्या नवऱ्याची कमाई मिसळलेली. मोठेपणाला हे झोंबते, आणि जावयाचा पैसा म्हटल्यावर माहेरच्यांचा जीव अजून कासावीस होतो. पण इथे क्रूझचे एक गणित समजून घेतले तर गाठ बरीच सुटते. केबिनचे भाडे दोन माणसे धरून लावलेले असते. एकटी बाई गेली तर पुष्कळ कंपन्या तिच्याकडून जवळजवळ दोघींचे भाडे घेतात. म्हणजे बहीण एकटी गेली असती तरी तिचा खिसा बराचसा तितकाच हलका झाला असता. तुमच्या येण्याने तिच्यावर पडणारा भार दिसतो त्याहून खूप कमी आहे. म्हणून केबिन तिची राहू द्या. तुमचे विमान, तुमच्या वर्गाची फी, तुमचे बंदरकर आणि नोकरवर्गाची बक्षिसी तुम्ही भरा. ही बक्षिसी ऐच्छिक नसल्यासारखीच असते. रोजचे माणशी साधारण १५ ते २० डॉलर बिलात आपोआप चढतात, सात रात्रींचे माणशी शंभराच्या वर सहज जातात. प्रवासी आरोग्य विमा तर काढायलाच हवा आणि तोही स्वतःच्या पैशाने. बोटीवर डॉक्टर असतो, त्याची फी डॉलरमध्ये असते. साठीनंतर रक्तदाब, साखर असेल तर अर्जात लपवू नका, नाहीतर ऐनवेळी विमा कंपनी हात वर करते.

हा वाटा फंडातून काढताना मुलाच्या कागदावरचे काश्मीर आड येते आहे. मला त्या हिशेबाबद्दल एकच शंका आहे. काश्मीरचा बेत या पत्राआधी कधी घरात निघाला होता का? निघाला असेल तर प्रश्न निराळा, मग यजमानांशी बसून ठरवा. आणि यजमानांना गुडघ्याचा किंवा पथ्याचा त्रास असेल, तुमच्यावाचून त्यांचे पान हलत नसेल, तर महिनाभराची व्यवस्था आधी लागली पाहिजे. सुनेने ‘जाच’ म्हटले म्हणून सगळे तिच्या अंगावर टाकून निघणे बरे नाही. डबा लावा, वरकामाच्या बाईंचे तास वाढवा, आणि तो खर्चही सहलीच्या हिशेबात धरा.

बहिणीबहिणींबद्दलही थोडे. केबिन म्हणजे साधारण पावणेदोनशे चौरस फूट, त्यात न्हाणीघर आले. तीस वर्षे दोघी सुटीपुरत्या भेटल्यात. एकीला पहाटे पाचला उठून स्तोत्रे म्हणायची सवय, दुसरीला रात्री बारापर्यंत दिवा हवा. दोन पलंग वेगळे हवेत हे आधीच कळवा, नाहीतर एकच मोठा पलंग जोडून ठेवलेला असतो. कोणाच्या घोरण्याबद्दल रुसायचे नाही हेही ठरवून टाका. शाकाहारी जेवण आधी कळवले तर मिळते. खोलीत खिडकी आहे का, हेही विचारा. आतल्या बाजूच्या केबिन स्वस्त असतात, पण त्यांत दिवस की रात्र कळत नाही.

बोट लागण्याची भीती असेल तर एक स्वस्त परीक्षा आहे. २०२१ पासून मुंबईहून गोव्याच्या बाजूला दोन-तीन रात्रींच्या क्रूझ जातात. यजमानांना घेऊन एक करून पाहा. कदाचित त्यांनाही गच्चीपेक्षा वारा बरा वाटेल. अलास्काला व्हँकुव्हरहून निघणाऱ्या बोटी बराच वेळ बेटांच्या आडोशाच्या पाण्यातून जातात. सिॲटलहून सुटणाऱ्या पुष्कळदा व्हँकुव्हर बेटाला बाहेरून वळसा घालतात, तिथे उघडा समुद्र लागतो आणि बोट थोडी हलते.

शेवटी व्हिसा. पत्रात लिहिले आहे, की अमेरिकेचा व्हिसा आहे, तेव्हा त्याची काळजी नाही. काळजी आहे. १८८६ च्या एका जुन्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या बोटींना सिॲटलहून निघून सिॲटललाच परतायचे असले तरी मध्ये एका परक्या देशाच्या बंदरात थांबावे लागते, आणि जवळजवळ सगळ्या मोठ्या क्रूझ बोटी परदेशी नोंदणीच्याच असतात. म्हणून त्या कॅनडातल्या व्हिक्टोरियाला एका संध्याकाळपुरत्या थांबतात. तुम्ही खाली उतरा अगर न उतरा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो. बहिणीला हे ठाऊक नसणार. तिच्याकडे तिकडचा पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड असेल तर तिला तो लागतच नाही. क्रूझचे उरलेले पैसे बहुधा निघण्याच्या सुमारे तीन महिने आधी भरावे लागतात आणि त्यानंतर रद्द केले तर मोठी रक्कम कापतात. तेव्हा कॅनडाचा अर्ज या महिन्यातच करा, अमेरिकेचा व्हिसा परतीच्या तारखेनंतरही चालू आहे ना ते बघा, आणि कॅनडाचा शिक्का पासपोर्टवर पडेपर्यंत बहिणीला नुसती जागा राखून ठेवायला सांगा.