जय भीम न म्हणणारं लेकरू उद्धट नसतं

पौर्णिमेच्या वंदनेला विहारात आलेलं एखादं मूल कुणी 'जय भीम' केला तरी उत्तर देत नाही, नजर चुकवतं, माइकचा आवाज वाढला की कान दाबून बाहेर पळतं. लगेच कुणीतरी आईला सुनावतं, 'पोराला जरा वळण लावा.' ते मूल स्वमग्न असू शकेल, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा मेंदूच्या वाढीतला वेगळेपणा आहे. तो आईच्या हयगयीने येत नाही, लसीने येत नाही आणि मागच्या जन्मीच्या पापाने तर नाहीच. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात त्यासाठी गंडेदोरे शिरता कामा नयेत.

'माणसांत मिसळायला हवं' म्हणून अशा मुलाला गर्दीत ढकलणं, हनुवटी धरून 'इकडे बघ' म्हणणं आम्हाला चुकीचं वाटतं. भेदरलेलं मूल शिकत नाही, ते माणसांनाच भिऊ लागतं.

त्यापेक्षा गल्लीतला एकच सवंगडी पंधरा मिनिटांसाठी घरी बोलवा. मुलाच्या आवडीचाच खेळ असू द्या. कॅरमवर 'आता तुझी पाळी, आता त्याची' करता करता थांबणं जमू लागतं. कुठे जायचं, कोण भेटेल, किती वेळ बसायचं, हे आधी चित्र काढून दाखवा. बोलता येत नसेल तर नुसता हात हलवणं हाही जय भीमच. विहारात गर्दी होण्याआधी आणा, फुलं मांडायचं काम द्या आणि ते थकलं की घरी न्या. त्यावर कुणी नाक मुरडू नये.

बदलायचं फक्त मुलानं नाही. विहार समितीने एक शांत कोपरा राखावा. 14 एप्रिलला डीजे सुरू होण्याआधी या मुलांना बाबासाहेबांना फूल वाहता यावं, एवढी सोय मंडळांना जड नाही.

शंका आली तर वाट पाहू नका. अंगणवाडीत आणि शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं आरोग्य पथक येतं, त्यांना मूल दाखवा. पुढची तपासणी सरकारी जिल्हा रुग्णालयात होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, म्हणून प्रमाणपत्र मागणं हा हक्क आहे, त्यात लाज कसली?

बाबासाहेबांनी स्वातंत्र्य आणि समतेच्या जोडीला बंधुता ठेवली. ती फक्त चुणचुणीत, बोलक्या पोरांपुरती नाही.