भागाकार कुणाच्या डोक्यांनी?

महाडात चोऱ्या फार, पोलादपूर आपलं शांत, असं एसटी स्टँडवर कुणीही सांगेल. आकडे इतके सरळ नाहीत. २०११च्या जनगणनेत महाड तालुक्याची वस्ती सुमारे १ लाख ८० हजार, पोलादपूरची जेमतेम ४५ हजार. एका टोळीनं एका रात्रीत चार घरं फोडली, तर महाडचा लाखामागचा दर दोनाने वाढतो, पोलादपूरचा जवळपास नवाने. टोळी तीच, रात्र तीच!

बरं, हे ४५ हजार तरी गावात असतात कुठे? इथली कितीतरी घरं मुंबईच्या पगारावर चालतात. गणपतीनंतर लावलेलं कुलूप थेट शिमग्याला निघतं. उलट महाडमध्ये बिरवाडीच्या एमआयडीसीतले परप्रांतीय कामगार आणि महामार्गावरचे ट्रकवाले रोज वावरतात. त्यातले कितीतरी जनगणनेच्या कागदावर नसतात, म्हणजे भागाकारातही नसतात. मग बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं. पण शिकागोच्या शॉ आणि मॅके या समाजशास्त्रज्ञांनी १९४२ सालीच दाखवलं होतं, की रहिवासी बदलत राहिले तरी काही वस्त्यांतली गुन्हेगारी तशीच राहते. म्हणजे दोष माणसांच्या जातकुळीत नसून वस्तीच्या घडणीत. कोहेन आणि फेल्सन या अभ्यासकांचं गुन्हा कसा घडतो याचं १९७९चं सूत्र तर आणखी सोपं: चोरायला निघालेला, चोरण्याजोगं काही आणि राखणदार नसणं. पोलादपूरच्या बंद घराला हे तंतोतंत लागू पडतं. एमआयडीसीतली चोरी मात्र वेगळी. तिथे राखणदार असतो, आणि कधीकधी तोच सामील निघतो.

तेव्हा परप्रांतीय भाडेकरूंच्या नोंदीचा बडगा उगारण्याआधी पोलिसांनी बंद घरांची वाडीवार यादी करावी.