वेल्ड झाल्यावर काय उरतं, ते विचारा

मोटरसायकलला सामानपेटी लावायचा ब्रॅकेट करून घ्यायला येणारी पोरं हल्ली धातूचा नंबर घरूनच ठरवून येतात. "काकू, ७०७५ मध्येच करा, एअरक्राफ्ट ग्रेड आहे." मे महिना लागला, लडाखचे बेत शिजू लागले की भोसरीतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये हे वाक्य वरचेवर कानावर पडतं. माझं उत्तरही ठरलेलं आहे. ७०७५ झकास धातू आहे, पण त्याला आर्गन वेल्डिंग करायचं नसतं.

७०७५ आणि २०२४ हे ॲल्युमिनियमचे मिश्रधातू विमानात वापरतात, हे खरंच आहे. पण विमानाचा पत्रा ओळीने रिव्हेट मारून का जोडतात, हे यातल्या कुणाच्या मनात येत नाही. अनेक कारणांतलं एक मोठं कारण असं की हे मिश्रधातू वितळून थिजताना वेल्डमध्येच चिरतात. वरून टाका देखणा दिसला आणि भेग डोळ्यांना दिसली नाही, तरी ताण आणि दमट हवा मिळून ती पुढे उघडतात. ७०७५ चा ब्रॅकेट हवा असेल तर ठोकळ्यातून मिलिंग करून घ्या. तो महाग पडेल, पण प्रामाणिक असेल.

मग वेल्डिंगसाठी काय? बाजारात पहिलं नाव निघतं ६०६१ किंवा ६०८२ चं. आपल्याकडचे जुने दुकानदार ६०८२ ला अजून 'एचई-३०' म्हणतात, आणि तसं मागितलं तर भावही जरा माणसासारखा सांगतात. दोन्ही चांगले. पण नंबरापुढचं 'टी-६' हे शेपूट नीट समजून घ्यायला हवं, कारण वेल्डिंगच्या आचेत जळतं ते तेवढंच.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. १९०६ साली आल्फ्रेड विल्म नावाचा जर्मन धातुशास्त्रज्ञ तांबं आणि मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात विझवत होता. विझवल्यावर लगेच ते मऊ लागे. पण काही दिवस नुसतं पडून राहिलं की आपोआप कडक होई. त्यातून ड्युरॅल्युमिन आलं. कारण नंतर उलगडलं: विरघळलेली मूलद्रव्यं हळूहळू अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने बाहेर पडतात आणि धातूला अडवून धरतात. टी-६ म्हणजे हेच काम भट्टीत घाईने उरकणं. साधारण ५३० अंशांना तापवायचं, पाण्यात विझवायचं, मग १७० अंशांच्या आसपास काही तास मुरवायचं. आता त्याच तुकड्यावर तुम्ही वेल्डिंग करता. टाक्याशेजारचा पट्टा शेकडो अंश तापतो, ते कण फुगतात किंवा परत विरघळतात, आणि कारखान्यात पैसे मोजून मिळवलेला कडकपणा काही सेकंदांत जातो.

किती जातो, हे युरोपच्या ॲल्युमिनियम बांधकामाच्या संहितेत छापलेलं आहे. ६०८२ टी-६ ची पातळ प्लेट साधारण २५० ते २६० मेगापास्कल ताणाला कायमची वाकते. वेल्डशेजारी हिशेबाला धरायचे ते १२५. म्हणजे निम्मे! आर्गन वेल्डिंगने पातळ प्लेट जोडली तर टाक्याच्या दोन्ही बाजूंना ३० मिलिमीटरपर्यंतचा भाग असा मऊ झालेला धरतात. हाताएवढ्या ब्रॅकेटमध्ये ३० मिलिमीटर सोडून उरतं काय? सगळी ताकद परत आणायची तर तयार ब्रॅकेट पुन्हा भट्टीत घालून पाण्यात विझवावा लागेल. त्यात तो वाकडा होतो, आणि एका नगासाठी भट्टी कोण पेटवणार?

आता ५०८३ बघा. हा जहाजबांधणीतला धातू, मॅग्नेशियमवाला. त्याची ताकद भट्टीतून येत नाही, म्हणून वेल्डिंगने त्याचं फार बिघडतही नाही. त्याच संहितेत वेल्डशेजारी त्याचाही आकडा १२५ च्या आसपास आहे, पण तुटेपर्यंत तो २७५ च्या घरात सोसतो. ६०८२ तिथे १८५ ला तुटतो. कॅटलॉगमध्ये मागे दिसणारा धातू वेल्ड झाल्यावर पुढे निघून जातो. म्हणून प्लेटमधून कापून जोडायचा ब्रॅकेट असेल तर माझा कौल ५०८३ ला. त्याला फिलरची तार ५३५६ ची लावा, ४०४३ लावू नका. टाका ठिसूळ होतो. सायलेन्सरजवळचा ब्रॅकेट मात्र यातला नव्हे. तीन टक्क्यांहून जास्त मॅग्नेशियमचा धातू सतत ६५ अंशांच्या वर राहिला तर गंजून चिरण्याचा धोका वाढतो, आणि ५३५६ ची तारही त्याच जातीची. तिथे ५०५२ घ्यावा. तो ताकदीने कमी, पण वाकवायला गुणी. टी-६ ची पट्टी घट्ट वाकवली तर कोपऱ्यात तडकते, ५०५२ ची तशी तडकत नाही. बरेचदा दोन घड्या घालून एक अख्खा टाका वाचवता येतो, आणि वाचलेल्या टाक्याइतका मजबूत टाका कुठलाच नसतो.

एवढं ऐकल्यावर पोरं विचारतात, "म्हणजे ५०८३ घेतला की काम झालं?" नाही झालं. ब्रॅकेट हलू नये असं वाटत असेल तर नंबर बदलून उपयोग नाही. सगळ्या ॲल्युमिनियमांचा ताठपणा जवळपास सारखाच, पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. ३ मिलिमीटर लोखंडी प्लेटइतकी ताठ ॲल्युमिनियमची प्लेट हवी तर सव्वाचार-साडेचार मिलिमीटर जाडी लागते. तरीही वजन निम्मंच भरतं, मग जाडीत कंजुषी कशाला?

आणि खरा वैरी वजन नव्हे, थरथर आहे. एका सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर तासाला १ लाख ८० हजार हिसके देतं. पंचावन्न-छप्पन्न तासांत एक कोटी. पुण्याहून लेहला जाऊन येण्यात त्याहून जास्त तास गाडी चालते. ॲल्युमिनियमला 'याखाली कितीही हिसके द्या, मी तुटणार नाही' अशी ठाम मर्यादा नसते. वेल्डच्या कडेला सुरू होणारी भेग धातूचा नंबर वाचून थांबत नाही. संहिताही वेल्डच्या थकव्याचा हिशेब करताना मिश्रधातूपेक्षा जोडाचा आकार बघतात. म्हणून टाका जिथे ताण सर्वांत जास्त तिथून दूर घ्या, त्याच्या शेवटचा खड्डा भरून मगच टॉर्च उचला, बोल्टची भोकं त्या मऊ पट्ट्याबाहेर ठेवा. हे कागदावर पेन्सिलीने ठरतं, दुकानात नव्हे.

दुकानाबद्दल बोलायचं तर, सुटा कटपीस घेताना त्याचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि प्लेटवरचा छाप कापण्याआधी फोनमध्ये टिपून ठेवा. खिडकीच्या सेक्शनचा ६०६३ आणि ६०८२ घासून पुसून शेजारी ठेवले तर मलाही नजरेने ओळखता येत नाहीत. बिल न देता 'सेमच आहे' म्हणणाऱ्याकडून भंगार घ्यावं, ब्रॅकेटचा माल नाही.

वजनाचा फार आग्रह नसेल तर साध्या माइल्ड स्टीलचा विचार करायला लाजू नका. तो गावोगावी वेल्ड होतो, आणि तुटण्याआधी बहुतेकदा वाकून दाखवतो. लेहच्या वाटेवरच्या केलाँगमध्ये आर्गनची बाटली शोधत हिंडण्यापेक्षा ते बरं. ब्रेक कॅलिपरचा ब्रॅकेट मात्र कुठल्याही ॲल्युमिनियममध्ये वेल्ड करून मागू नका. मी तो कोणालाही करून देत नाही, आणि जो देईल त्याच्याकडे गाडी नेऊ नका.