सोलो खेळणारा प्रत्येक पोरगा एकलकोंडा नसतो

ऑनलाइन खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा एकाच प्रश्नावर अडते: पोट्टे किती तास मोबाइलवर असतात? अकोला असो की अमरावती, मशिदीबाहेरच्या गप्पा असोत की शाळेतली पालकसभा, यापुढे कुणी जात नाही. मला दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. ते कुणाबरोबर खेळतात? आणि एकटे खेळत असतील तर का?

एकट्यानं खेळावं की गटानं, हा वाद या खेळांइतकाच जुना आहे. 2004 साली आलेला 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' गटासाठीच रचलेला होता. पाच जणांच्या टोळीत एकानं मार झेलायचा, एकानं जखमा भरायच्या, उरलेल्या तिघांनी हल्ला करायचा. मोठ्या लढाईला तर सुरुवातीला चाळीस जण लागत. तरीही 2006 मध्ये निकोला दुशनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या खेळाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना आढळलं की पुष्कळ खेळाडू बराच वेळ एकटेच खेळतात. इतरांची मदत त्यांना नको असते, अवतीभवतीचा वावर मात्र हवा असतो. आठवडी बाजारात काही न घेता फिरून येणारी माणसं असतात, तसंच हे. 'ओल्ड स्कूल रुनस्केप'मध्ये 2014 पासून 'आयर्नमॅन' नावाचा प्रकारच आहे. त्यात दुसऱ्याशी देवघेव करता येत नाही, सगळं स्वतः मिळवायचं. म्हणजे एकटं खेळणं हा काही आजार नाही, ती एक आवड आहे.

आपल्या वऱ्हाडात असे संगणकावरचे खेळ खेळणारे थोडेच. इथे खेळ पोचला तो मोबाइलमधून, पब्जीच्या रूपानं. 2 सप्टेंबर 2020 ला त्यावर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये तोच खेळ बीजीएमआय म्हणून परतला. त्यात सोलो, ड्युओ आणि चौघांचा स्क्वॉड असे पर्याय असतात. स्क्वॉडमध्ये साथीदार गोळी लागून पडला तर धावत जाऊन त्याला उठवायचं असतं. त्याची जात, मोहल्ला कुणी विचारत नाही.

निदान विचारू नये. प्रत्यक्षात काय होतं ते पोरांकडूनच ऐकावं. अनोळखी तिघांबरोबर जोडी जमते, माइक सुरू होतो, स्क्रीनवर नाव दिसतं, आणि नाव मुस्लिम असलं की कधी टोमणा येतो, कधी थेट 'पाकिस्तानी' म्हणून शिवी. काही पोरं मग नाव बदलतात. काही माइक बंद ठेवतात. काही सोलो खेळू लागतात. आपण घरात म्हणतो, पोरगा एकलकोंडा झाला. तो झालेला नसतो, त्याला केलेलं असतं.

"मैदानावर जा" हा सल्ला मलाही पटतो. पण मैदान मोहल्ल्याचं असतं आणि संघही मोहल्ल्याचाच. नोव्हेंबर 2021 मध्ये अमरावतीत दंगल झाली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. मे 2023 मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात तेच भडकलं. अशा प्रत्येक घटनेनंतर वस्त्या एकमेकींपासून आणखी थोड्या सरकतात. रामदासपेठेतला पोरगा आणि बैदपुऱ्यातला पोरगा सहज भेटतील अशा जागा कमी होतात. अशा वेळी चौघांचा स्क्वॉड ही उरलेल्या थोड्या जागांपैकी एक आहे. ती आभासी असेल, पण तिथे एकमेकांवर भरवसा ठेवावाच लागतो.

आपल्या दीनमध्ये जमातीच्या नमाजचा दर्जा एकट्याच्या नमाजपेक्षा 27 पटींनी मोठा सांगितला आहे. त्याच दीनमध्ये रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतला एतिकाफ आहे आणि हिराच्या गुहेतला एकांतही आहे. दोन्हींना जागा आहे. पण एतिकाफला माणूस स्वतःच्या नियतीनं बसतो. सफमधून अपमान करून उठवलेला माणूस कोपऱ्यात बसला, तर त्याला एतिकाफ म्हणत नाहीत.

म्हणून आईवडिलांना माझं सांगणं एवढंच: मोबाइल हिसकावण्याआधी "कुणासोबत खेळतोस?" एवढं विचारा. उत्तर "एकटाच" असं आलं, तर "का?" हेही विचारा, आणि उत्तर ऐकून घ्या. एकटं खेळायला आवडत असेल तर खेळू द्या, वेळेची मर्यादा मात्र दोघांनी मिळून ठरवा.

दुसरं सांगणं त्या स्क्वॉडमधल्या उरलेल्या दोघांना. शिवी एक जण देतो, दोघे गप्प बसतात. खेळात तक्रारीचं बटण आहे, ते दाबायला काही सेकंद लागतात. "भाऊ, खेळ ना, नावाचं काय घेऊन बसला" एवढं म्हणायला त्याहून कमी. पडलेल्या साथीदाराला उठवायला तुम्ही गोळीबारातून धावत जाता. इथे तर गोळीबारही नसतो.